जालिंदरमामांचा ठिपका

सत्तावीस वर्षं एसटी चालवली जालिंदर लोंढ्यांनी, आणि त्या सत्तावीस वर्षांत त्यांच्या चाकाखाली कुणाची कोंबडीसुद्धा आली नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला तो लक्ष्मीबाईंनी बुद्धाच्या तसबिरीशेजारी खिळ्याला अडकवून ठेवला होता. मामा रोज सकाळी अंघोळ झाली की एक नजर तिकडं टाकायचे आणि मगच शर्टाची बटणं लावायचे. माणसानं जन्मात एकच गोष्ट धड केली असली की तिच्याकडं रोज बघावंसं वाटतं, त्यात काय चुकलं?

निवृत्त झाले आणि दुसऱ्याच महिन्यात विट्याच्या एका इंग्लिश शाळेच्या व्हॅनवर लागले. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची अठरा पोरं सकाळी भरायची, आठच्या आत शाळेत पोचवायची, दुपारी परत सोडायची. पोरं त्यांना मामा म्हणायची, म्हणून पोरांच्या आया मामा म्हणायच्या, म्हणून सगळी पंचक्रोशी मामा म्हणायला लागली. दोन वर्षं कशी गेली कळलंसुद्धा नाही.

मग ते अॅप आलं आणि सगळा इस्कोट झाला.

जूनमध्ये शाळेच्या मॅडमनी सगळ्या ड्रायव्हरांना बोलावून सांगितलं, की यापुढं प्रत्येकानं आपल्या मोबाईलमध्ये सुरक्षित ड्रायव्हिंगचं अॅप घ्यायचं. मोबाईल समोर काचेपाशी लावायचा. गाडी किती जोरात पळते, ब्रेक कसा लागतो, कुठं थांबते, ड्रायव्हर फोनला हात लावतो का, सगळं ते अॅप टिपणार आणि शंभरातले मार्क देणार. मोठी चूक झाली तर लाल शेरा. एका वर्षात तीन लाल शेरे पडले की ड्रायव्हर घरी. आणि पालकांना आपापल्या मोबाईलवर ते मार्क दिसणार आणि गाडीही, नकाशावर पळणारा एक हिरवा ठिपका.

“म्हंजे आता या वयात मी परीक्षेला बसायचं?” मामा घरी येऊन म्हणाले.

“बसा की,” लक्ष्मीबाई म्हणाल्या. “शाळेत असताना कवा बसला न्हाईसा, आता तरी बसा.”

त्या अॅपात एक बाई होती. बाई म्हणजे नुसता आवाज. वळणावर जरा ब्रेक लागला की ती म्हणायची, “अचानक ब्रेक आढळला.” खड्डा चुकवला की म्हणायची, “धोकादायक वळण आढळलं.” अगं बाई, खड्डा आढळला नाही का तुला? त्यात अख्खी म्हैस बसली असती! पण बाईला खड्डा दिसत नव्हता, तिला फक्त मामा दिसत होते. मागची पोरं खदाखदा हसायची आणि बाईच्या आधीच ओरडायची, “आढळला! आढळला!”

एवढ्यावर भागलं असतं तर मामांनी सोसलं असतं. पण खरी डोकेदुखी त्या हिरव्या ठिपक्याची होती.

विट्याकडच्या घराघरांतला बाप्या परमुलखात असतो. सोनं गाळायची दुकानं टाकून कुणी कोईमतूरला, कुणी लुधियान्याला, कुणी पार गोहत्तीला. गावाकडं बायका, म्हातारी आणि पोरं. हे बाप वर्षातून दोनदा येतात, पोरांना उंची शाळेत घालतात, आणि परत भट्टीसमोर जाऊन बसतात. आता त्यांच्या हातात ठिपका आला. मग काय विचारता! हजार-दोन हजार किलोमीटरवर बसून जो तो जालिंदरमामांची गाडी हाकायला लागला.

“मामा, गाडी नाक्यावर का थांबलीय?”

“फाटक लागलंय व्हय मामा?”

इथं कुठलं आलंय फाटक! हितं रेल्वे तरी हाय का?

त्या सगळ्यांत लय चिकट म्हणजे इंद्रजित. त्याचं कोईमतूरला दुकान. बायको माया आणि नववीतली पोरगी सोनिया माळवाडीला, शाळेपासून पाच किलोमीटरवर. सोनिया गाडीत चढली की तिथून शाळेपर्यंत इंद्रजितची नजर ठिपक्यावर. ठिपका थांबला की फोन. थांबला की फोन. मोबाईल समोरच लावलेला, त्यामुळं रस्ता दिसायच्या जागी इंद्रजितचं नाव दिसायचं. मामांनी आवाज बंद करून बघितला, तर मॅडम म्हणाल्या, “मोबाईल चालू ठेवा, शाळेला कधीही गरज लागते.”

पहिला लाल शेरा पडला तो असा: इंद्रजितचा फोन वाजत राहिला, मामांनी तो एका बोटानं कापला, आणि बाई म्हणाली, “वाहन चालवताना फोनचा वापर आढळला.” उचलला असता तर वापर, कापला तरी वापर! मग माणसानं करायचं तरी काय, कान कापून घ्यायचे?

दुसरा डिसेंबरात पडला. ऊसतोडीचे दिवस. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर फडातनं थेट रस्त्यावर मागं घेत आला, पाठीमागं ना लाल दिवा ना कुणी माणूस. मामांनी ब्रेक मारला. गाडी ट्रॉलीपासून हातभर अंतरावर उभी राहिली. अठरा पोरं जिथल्या तिथं, एकाच्या डोक्याला टेंगूळसुद्धा नाही. एसटीत असते तर डेपो मॅनेजरनं पाठ थोपटली असती. बाई म्हणाली, “अतितीव्र ब्रेक आढळला,” आणि मार्क एकदम एकाहत्तरावर.

आता एकच शेरा उरला होता. नोकरी गेली तर जगणं अडणार नव्हतं, पेन्शन होती, लेक आम्रपाली साताऱ्यात दवाखान्यात नर्स होती. पण सत्तावीस वर्षं सांभाळलेलं नाव एका मोबाईलनं ओढ्यात टाकावं? उद्या लोक म्हणणार, जालिंदर लोंढ्याला गाडी चालवता येत नव्हती म्हणून काढला. हे काही त्यांना झोपू देईना.

आणि जानेवारीत मेंढरं आडवी आली.

सकाळी साडेसात. सोनिया नुकतीच चढलेली. ओढ्याच्या अलीकडं हरिबा धनगराचं खांड रस्त्यावर, तीनशे साडेतीनशे मेंढरं, मागं घोडी, घोडीवर बांधलेली कोकरं. आता या रस्त्यावरच्या जुन्या ड्रायव्हरांची एक रीत आहे. मेंढरं आली की हॉर्न मारायचा नाही. हॉर्न मारला की कळप फुटतो, मेंढरं चाकाखाली येतात, कोकरं चुकतात. गाडी कडेला घ्यायची, इंजिन बंद करायचं, आणि शेवटचं मेंढरू जाईपर्यंत गप बसायचं. धनगर जाताना काठी वर करतो. तेवढाच राम राम. मामांनी पंचवीस वर्षांपूर्वी एसटी अशीच थांबवली होती आणि हरिबानं तेव्हाही काठी वर केली होती.

मामांनी किल्ली फिरवून गाडी बंद केली. ठिपका थांबला. पाच मिनिटं झाली. फोन वाजायला लागला. इंद्रजित. मामांनी हात लावला नाही. पहिल्या शेऱ्यानं शहाणपण शिकवलेलं. फोन वाजून बंद झाला, परत वाजला. अकरा वेळा वाजला. मधेच एक कोकरू घोडीवरनं घसरलं, ते हरिबानं परत बांधलं, त्यात आणखी वेळ गेला. वीस मिनिटं झाली. आता स्क्रीनवर नाव आलं मॅडमचं.

आता शाळेचा फोन नाही घ्यायचा म्हणजे पंचाईत. गाडी तर बंदच होती. मामांनी उचलला.

“वाहन चालवताना फोनचा वापर आढळला,” बाई म्हणाली.

दुपारी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. “जालिंदरराव, तिसरा शेरा.”

“आवं मॅडम, फोन तुमीच केलासा!”

“हो, पण चालवताना उचलायचा नाही हे तुम्हाला माहीत आहे ना?”

“गाडी बंद हुती की! किल्ली माज्या खिशात हुती!”

“अॅपमध्ये फेरी चालू दिसतेय. शिवाय बावीस मिनिटं विनाकारण थांबा. इंद्रजितरावांनी तक्रार केलीय, ते घाबरून गेले होते. मी काय करू? नियम मी नाही बनवला.”

मामा उठले. किल्ली टेबलावर ठेवली आणि चालत घरी आले. आल्याबरोबर तो बिल्ला खिळ्यावरनं काढला आणि कपाटात साड्यांखाली सरकवला. लक्ष्मीबाईंनी बघितलं. खिळा मात्र त्यांनी भिंतीत तसाच ठेवला.

आठ दिवस मामा अंगणात बसून होते. साताऱ्याहून आम्रपालीचा फोन आला. “अण्णा, साखर वाढंल तुमची. सायकल काढा. तुमच्या मोबाईलात मी सायकलचं अॅप टाकलं होतं की, ते लावा.”

“अॅपचं नाव काढू नगंस माज्यासमोर!”

“आवं, ह्ये तसं न्हाई. ह्ये मार्क देत न्हाई.”

नाही नाही म्हणत एका पहाटे त्यांनी माळ्यावरची जुनी सायकल खाली घेतली, चेनला तेल घातलं, अॅप लावलं आणि निघाले. एक किलोमीटर झाला तशी खिशातनं एक बाई बोलली. मामा दचकून खाली उतरले. आता हिला काय आढळलं?

“एक किलोमीटर पूर्ण. छान!”

मामांनी मोबाईल बाहेर काढून बघितला. कुणी चूक काढलेली नव्हती की नावं ठेवलेली नव्हती. “कशाचं छान?” ते म्हणाले, पण परत सायकलवर बसले. दुसऱ्या किलोमीटरला परत, “छान!” नुसतं पायडल मारायचं तर एवढं कौतुक, आणि अठरा पोरं जिवंत घरी आणली तर लाल शेरा! काय हा न्याय! घरी आल्यावर लक्ष्मीबाईंनी विचारलं, “कशी हाय नवी बाई?” तर मामा म्हणाले, “बरी हाय. निदान तोंड तरी गोड हाय.” मग रोज दहा किलोमीटर व्हायला लागले. कधी कडेगावच्या बाजूला, कधी माळवाडीकडं. पोट हलकं झालं, पण डोकं काही हलकं होईना.

इकडं व्हॅनवर सूरज नावाचा नवा ड्रायव्हर आला. त्याचे मार्क शहाण्णव. सगळ्या शाळेत पहिला. कसे, ते पोरांना पक्कं ठाऊक होतं. अॅपचा मोबाईल समोर लावलेला, त्याला सूरज हात लावत नव्हता. हातात दुसरा मोबाईल होता, त्यावर बोलत एका हातानं गाडी पळवायचा. बाई त्याला एका शब्दानं बोलली नाही.

सोनियानं बापाला फोनवर सांगितलं. इंद्रजित म्हणाला, “अगं, शहाण्णव मार्क हायत त्येला. मी रोज बघतोय की.”

“ठिपक्याला हात दिसत न्हाई, पप्पा!” सोनिया ओरडली. दुसऱ्या दिवशी ती गाडीत बसली नाही. तिसऱ्या दिवशी पण नाही. शाळेला जाईन तर सायकलनं, असा हट्ट धरून बसली. आईला धडकी भरली. उसाच्या ट्रॅक्टरांनी भरलेला रस्ता आणि पोर एकटी!

शेवटी माया मामांच्या अंगणात आली. “आवं मामा, तुमी रोज सकाळी सायकल मारतायसा. तिच्यासंगट जावा की शाळेपातूर. तुमी पुढं असला तर मला घोर न्हाई.”

“आन तुज्या नवऱ्याला?” मामा उसळले. “त्येला चालंल का? त्येनंच काढलं न्हवं मला! शाण्णव मार्कवाला गडी मिळालाय की त्येला!”

मायानं पदराखालचा मोबाईल पुढं केला. फोन चालूच होता. इंद्रजितनं सगळं ऐकलं होतं.

मग मात्र मामांचा बांध फुटला. “इंद्रजितराव, सत्तावीस वर्सं! सत्तावीस वर्सांत एक वरखडा न्हाई माज्या गाडीला! आन तुमी भट्टीपाशी बसून मला रस्ता शिकवतायसा? मेंढरांत हॉर्न मारू व्हय? तुमच्याच पोरीच्या अंगावर ट्रॉली येत हुती तवा ब्रेक मारला, त्यो चुकला व्हय माजा? अकरा फोन! अकरा! मी काय तुमची पोर पळवून नेत हुतो?”

मग इंद्रजित बोलला, हळू.

“मामा, पोरगी तीन वर्साची हुती तवा मी हिकडं आलो. तिला शाळंला सोडायला मी कवाच गेलो न्हाई. सकाळी दुकान उघडायच्या आदी पायरीवर बसतो, च्या घेतो आन ठिपका बघतो. ठिपका शाळंत पोचला की मी भट्टी पेटवतो. त्या दिवशी ठिपका थांबला, मला काय करावं सुदरंना. हितनं पळत तर येता येत न्हाई. फोनच करता येतो. माजं चुकलं, मामा. तुमची नोकरी जाईल असं ध्यानातच आलं न्हाई.”

मामांनी टोपी काढून झटकली आणि परत डोक्यावर घातली. “उद्या सात वाजता तयार ऱ्हा म्हणावं पोरीला,” ते मायाला म्हणाले. “आन ब्रेकचं रबर बघून घे, मागलं झिजलं असणार.”

रात्री त्यांनी आम्रपालीला विचारलं, “त्या छानवाल्या बाईला ठिपका दाखवता येतो का गं, दुसऱ्याला?”

येत होता. तिनं फोनवरनंच शिकवलं. मामांनी इंद्रजितला ठिपका पाठवला आणि सोबत बोलून सांगितलं, “बगा. पन रस्त्यात एक जरी फोन आला तरी सायकल वळवून घरी येईन.”

सकाळी मामांनी माळवाडीत सोनियाच्या दारात अॅप लावलं आणि दोघं निघाले. मामा पुढं, सोनिया मागं. मामा हात बाहेर काढून खूण करायचे: हळू, कडेला, थांब. फडाच्या तोंडाशी ट्रॅक्टर दिसला तसे दोघं उतरून मातीत उभे राहिले. दोन्ही ट्रॉल्या खडखडत गेल्या. ठिपका थांबला असणार. मामांनी खिशावर हात ठेवला. फोन वाजला नाही.

ओढ्यापाशी बोरी लगडलेल्या. सोनिया म्हणाली, “मामा, पाच मिनटं.” मामांनी घड्याळ बघितलं, वेळ होता. तिनं ओंजळभर बोरं पाडली, दोघांनी दगडावर बसून खाल्ली. आठ मिनिटं झाली. फोन नाही. आता मामांनाच चैन पडेना. असा कसा करत नाही? रेंज गेली का? त्यांनी मोबाईल काढून बघितला, रेंज चांगली होती. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, एक जण पाहत आहे. बघत होता आणि गप बसला होता. मामांनी मोबाईल परत खिशात घातला आणि बी थुंकून टाकलं.

शाळेच्या फाटकात सोनिया आत गेली. “पाच किलोमीटर पूर्ण. छान!” बाई म्हणाली. त्याच्या मागोमाग फोन.

“पोचला व्हय मामा?”

“दिसतंय की तुमाला.”

“व्हय, दिसतंय. ओढ्यापाशी थांबला हुतासा.”

“बोरं खाल्ली. काय म्हणणं हाय?”

“काय न्हाई.” इंद्रजित जरा थांबला. “गोड हायती का यंदा? अकरा वर्सं झाली, बोरांच्या दिवसांत गावाकडं आलोच न्हाई मी. दिवाळीला येतो तवा कच्ची असत्यात, जत्रंला येतो तवा सपल्याली असत्यात.”

“भट्टी पेटवा आता,” मामा म्हणाले आणि फोन ठेवला.

परतताना ओढ्यापाशी आले तसे मामा सायकलवरनं उतरले. इकडं तिकडं बघितलं, कुणी नव्हतं. सायकल झाडाला टेकवली, टोपी काढून हातात धरली आणि काट्यांतनं हात घालून पिकलेली तेवढी बोरं एकेक तोडून टोपीत टाकायला लागले. उन्हात खडखडीत वाळवली की महिनाभर टिकतात. पुढच्या आठवड्यात गावातलं कुणीतरी कोईमतूरला जाणारच होतं. काटा लागून बोटाला रक्त आलं. अॅप बंद करायचं राहूनच गेलं होतं.

खिशातला फोन वाजला. इंद्रजित.

“मामा, ठिपका परत ओढ्यापाशी थांबलाय. धा मिनटं झाली. पडलासा बिडलासा काय? बरं हायसा न्हवं?”

पोरगी तर शाळेत पोचली होती. मामांनी फोन कानापासून लांब धरला, त्याच्याकडं बघितलं आणि परत कानाला लावला.

“तुमच्यासाठी बोरं येचतोय!” ते खेकसले. “आता तरी गप ऱ्हावा की!”